वळूची निवड आणि डीएनए चाचणी: कुठे पक्के उत्तर, कुठे नुसता अंदाज

मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या कळपात गाय वर्षाला एक वासरू देते, वळूची वासरे मात्र एका हंगामात पंचवीस-तीस, आणि कृत्रिम रेतन असेल तर हजारोंच्या घरात. म्हणून चाचणीचा पैसा आधी वळूवर घालावा, मग कळपात ठेवायच्या कालवडींवर.

नमुना साधाच असतो, पण बिघडतो तो इथेच. शेपटीच्या गोंड्यातले तीस-चाळीस केस मुळासकट उपटावे लागतात. कापलेले केस निरुपयोगी, कारण प्रयोगशाळेला लागणारा डीएनए मुळाच्या गाठीत असतो. शेण लागलेले किंवा ओले केस प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले की बुरशी येते. कोरडे करून कागदी पाकिटात ठेवावेत. लहान वासरांची मुळे बारीक असतात, त्यांच्यासाठी कानाचा बारीक तुकडा थेट नळीत पाडणारी पक्कड बरी. जुळ्यांचे रक्त मात्र पाठवू नये. गर्भाशयात दोघांच्या रक्तवाहिन्या बहुधा जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाच्या रक्तात दुसऱ्याच्याही पेशी सापडतात.

येणाऱ्या अहवालात दोन निराळ्या प्रकारांची उत्तरे असतात आणि गल्लत होते ती त्यांच्यातच.

काही उत्तरे पक्की असतात. वासराचा बाप कोण, हे त्यातले एक. पण कुरणात सोडलेल्या सगळ्या वळूंचे नमुने हवेत. एक जरी राहिला, तरी त्याची वासरे बेवारस ठरतात. एकाच जनुकामुळे होणारे दोषही असेच पक्के कळतात. अँगस जातीत 2008 साली उघड झालेल्या एका दोषात वासरे मेलेलीच जन्मतात, कणा वाकलेला आणि सांधे ताठरलेले. दोष अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच दिसणारा, असल्याने एकच बिघडलेली प्रत असलेले वाहक जनावर दिसायला धडधाकट असते. वाहक वळू निर्दोष गायींना लावला तर एकही वासरू आजारी निपजत नाही, पण सरासरीने निम्मी वाहक होतात. खरा फटका पुढच्या पिढीत बसतो: वाहक कालवडीला वाहक वळू लागला की दर वेळी चारात एक शक्यता मेलेल्या वासराची. वाहक वळू चांगला असेल तर लगेच कसाईखान्यात धाडायची गरज नाही. त्याच्या मुली तपासून मगच ठेवाव्यात.

स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकाचेही तसेच. बेल्जियन ब्लू जातीत या जनुकातली डीएनएची 11 अक्षरे गळालेली असतात. दोन्ही प्रती तशा असल्या की दुप्पट वाटावेत असे स्नायू, आणि त्यासोबत अडलेली गाय व शस्त्रक्रिया. एक प्रत असेल तर मांस वाढते आणि त्रास बराच कमी होतो.

वजनवाढ, मांसातली चरबी, प्रजननक्षमता यांचे उत्तर मात्र अंदाजाचे. त्यामागे शेकडो-हजारो जनुके असतात, प्रत्येकाचा वाटा किरकोळ. 2001 साली म्युविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी मांडलेल्या पद्धतीत जनुकसंचभर पसरलेल्या खुणांचा (डीएनएत जनावरागणिक बदलणाऱ्या जागांचा) परिणाम एकत्र मोजतात. आजच्या चिपवर, म्हणजे या खुणा एकाच वेळी वाचणाऱ्या चाचणीच्या पट्टीवर, अशा साधारण 50,000 खुणा असतात. खरा फायदा सख्ख्या भावांत दिसतो. वंशावळीवरून दोन्ही गोऱ्ह्यांचा अंदाज एकच येतो, चाचणी सांगते की आईबापांचा कोणता हिस्सा कोणाला मिळाला.

हा अंदाज ज्या जातीच्या नोंदींवरून बसवला, तिथेच तो चालतो. दुसऱ्या जातीला किंवा संकरित कळपाला लावला की आकडे छापून येतात, भरवसा मात्र उरत नाही. एकट्या वजनवाढीच्या आकड्यामागे धावणे हीदेखील नेहमीची चूक. वाढीसोबत जन्मवजनही चढते आणि पहिलारू कालवडी विताना अडतात. त्यांच्यासाठी वळू निवडताना सुलभ विण्याचा आकडा आधी पाहावा. आणि चाचणी आली म्हणून वजनकाटा बंद करू नये. त्या नोंदींवाचून पुढच्या पिढ्यांचे अंदाज ढिले पडत जातात.

निकालाला काही आठवडे लागतात. वळू म्हणून ठेवायचे गोऱ्हे निवडायचे असतील तर नमुने लवकर पाठवावेत आणि निकाल हाती येईपर्यंत खच्चीकरण थांबवावे.