ठोके सुधारले, जीव वाचला का?

"ठोका चुकतोय म्हणता, मग गोळी का देत नाही?" खानापूर-येळ्ळूरकडून ईसीजीची पट्टी घेऊन बेळगावला आलेला माणूस हे हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञही असाच विचार करत होते.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांपैकी ज्यांना मधूनमधून जादा ठोके पडतात, त्यांच्यात अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त आढळत होतं. मग ठोके दाबले की मृत्यू टळेल, असं सरळ गणित मांडलं गेलं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके छान दाबत.

१९८७ मध्ये 'कास्ट' ही चाचणी सुरू झाली. आधी प्रत्येकाला औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे जादा ठोके खरोखर कमी झाले त्यांनाच पुढे घेतलं. मग चिठ्ठी काढावी तसं, साधारण निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कुणाच्या वाट्याला काय आलंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही.

१९८९ मध्ये ही दोन्ही औषधं मध्येच बंद करावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६.

असं का व्हावं? ही औषधं हृदयाच्या पेशींत सोडियम शिरण्याची वाट अडवतात, त्यामुळे विजेची लहर मंदावते. अटॅकनंतर हृदयात व्रण राहिलेला असतो. मंदावलेली लहर त्या व्रणाला वळसा घालून येईपर्यंत मागचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो. ती त्यात शिरते आणि गोल गोल फिरत राहते. ठोके बेफाम होतात, रक्त पुढे जात नाही.

मला हादरवतं ते वेगळंच. तुलनेला दुसरा गट नसता तर त्या ६३ घरांत काय म्हटलं गेलं असतं? "हार्टचंच दुखणं होतं, गेला बिचारा." औषधावर संशय कुणी घेतलाच नसता. उलट ठोके सुधारलेली पट्टी पुरावा म्हणून दाखवली गेली असती.

बिनऔषधी गोळी म्हणजे रुग्णाची फसवणूक, असं आपल्याकडे पटकन बोललं जातं. पण बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाची अशी चाचणी झाली होती. २००६ मध्ये निष्कर्ष आले: प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ६.४ टक्के होतं. तिथे औषध खरं उतरलं, आणि तेही तुलनेमुळेच कळलं.

फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, पण ज्यांच्या हृदयाच्या रचनेत दोष नाही अशांसाठी. म्हणून ते सुरू करण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात. चालू असलेली गोळी मात्र हे वाचून मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि कधी चाचणीत सहभागी व्हायला विचारलं, तर संमतीपत्र मराठीत मागा. रुग्णाला समजेल अशा भाषेतच ते द्यावं, असा भारतातला नियम आहे.