रिकव्हरी चालू आहे, पण कोणती?

आषाढात खानापूर-जांबोटीकडे वीज जाणं नवीन नाही. पतसंस्थेत पिग्मीचा भरणा चालू असताना सर्व्हर धाडकन बंद पडला, तरी एकदा पक्की झालेली रक्कम हरवत नाही. पोस्टग्रेससारखा डेटाबेस प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ फायलींत नोंदवतो, मग मूळ तक्त्यांत. आधी रोजकीर्द, मग खतावणी. वीज आली की ‘स्टार्टअप’ ही प्रोसेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनच्या, म्हणजे जिथवरचे सारे बदल तक्त्यांत उतरले होते त्या टप्प्यापासूनच्या, नोंदी वाचून तक्ते जुळवते. हीच रिकव्हरी.

इथवर पाठ्यपुस्तकात मिळतं. खरी गंमत पुढे आहे. स्टार्टअपच्या जोडीला ‘चेकपॉइंटर’ही राबत असतो: तक्त्यांची मेमरीत बदललेली पानं डिस्कवर उतरवतो, जुन्या वॉल फायली निकालात काढतो. दोघांची मेमरी वेगळी, म्हणून दोघांना लागणारी माहिती सामायिक मेमरीत ठेवावी लागते. 2020 पर्यंत तिथं एवढंच कळायचं: रिकव्हरी चालू आहे की संपली.

पण रिकव्हरी दोन तऱ्हांची. बेळगावचा मुख्य सर्व्हर कोसळून उठला, तर त्याच्या 16 एमबीच्या वॉल फायली आर्काइव्हमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रती वेगळ्या जपून ठेवायच्या जागी, पोहोचेपर्यंत जपल्याच पाहिजेत. निपाणीत त्याची प्रत चालवणारा राखीव सर्व्हर मात्र त्याच्या वॉल नोंदी सतत वाचत महिनोन्‌महिने रिकव्हरीतच असतो. आर्काइव्हची जबाबदारी सहसा मुख्य सर्व्हरची, त्यामुळे राखीव सर्व्हरनं फायली टाकल्या तरी चालतं. कोणती रिकव्हरी चालू आहे हे स्टार्टअपला ठाऊक असे, पण स्वतःपुरतं. राखीव सर्व्हरवर फायली साचू नयेत म्हणून 2018 मध्ये एक दुरुस्ती झाली, आणि तिच्यामुळे कोसळून उठलेल्या सर्व्हरवरही आर्काइव्ह न झालेल्या फायली मोडीत निघू लागल्या.

माझ्या मते यापेक्षा वाईट बिघाड नाही, कारण तो दिसत नाही. तक्ते बरोबर, ठेवीदारांच्या शिलका बरोबर. पुढे कधी डिस्क गेली आणि जुन्या बॅकअपवरून सारं उभं करायची वेळ आली, की आर्काइव्हमधल्या भगदाडापाशी काम थांबतं. त्यापुढचे व्यवहार परत येत नाहीत.

एप्रिल 2020 मध्ये सामायिक मेमरीत दोनाऐवजी तीन अवस्था आल्या: कोसळल्यानंतरची रिकव्हरी, आर्काइव्हवरची रिकव्हरी (राखीव सर्व्हर असतो ती), आणि संपली. पुढच्याच महिन्यात पोस्टग्रेसच्या 12.3 आवृत्तीतून, तसंच जुन्या शाखांच्या सुधारित आवृत्त्यांतून, ही दुरुस्ती सर्वांना मिळाली. बारावी शाखा वापरणाऱ्या संस्थेचा सर्व्हर अजून 12.2 वर असेल, तर वीज गेल्यानंतर आर्काइव्हमधल्या फायलींचे क्रमांक सलग आहेत का ते पाहावं, आणि नसतील तर त्याच दिवशी नवा पूर्ण बॅकअप घ्यावा.