चार्जर वेगळा, अडॅप्टर वेगळा

टाइमलॅप्ससाठी, म्हणजे ठरावीक अंतराने फोटो काढून त्यांचा वेगवान व्हिडिओ करण्यासाठी, कॅमेरा रात्रभर चालू ठेवायचा होता. कॅमेऱ्यात बॅटरीच्या जागी बसेल असा तिच्याच मापाचा लाकडी ठोकळा घासून घेतला, टोकांना पितळी पट्ट्या बसवल्या, वायरी डकवल्या आणि त्या थेट बॅटरीच्या चार्जरला जोडल्या. चार्जरवर ८.४ व्होल्ट छापलेले, आणि दोन सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की तीही ८.४ व्होल्टच दाखवते. मग अडचण काय? बटण दाबलं, लेन्स अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. स्क्रीन काळी.

व्होल्टचा आकडा बरोबर होता, पण चार्जरचं काम मुळात वेगळं. तो बॅटरीत ठरावीक करंट मोजून सोडतो आणि प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचला की हात आखडता घेतो. माझ्या चार्जरची मर्यादा ०.७ अँपिअर. लेन्सची मोटर फिरताना किंवा फ्लॅश भरताना कॅमेरा क्षणभर त्याहून बराच जास्त करंट ओढतो. तेवढा मिळाला नाही की व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेऱ्याला वाटतं, बॅटरी संपली. काही चार्जर तर समोर खरी बॅटरी दिसल्याशिवाय नीट व्होल्टेजच देत नाहीत.

अडॅप्टर बरोबर याच्या उलट वागतो. व्होल्टेज स्थिर ठेवायचं आणि कॅमेरा मागेल तेवढा करंट आपल्या क्षमतेत पुरवायचा, एवढंच त्याचं काम. म्हणून निवडताना व्होल्ट काटेकोर बघायचे, अँपिअर मात्र सढळ चालतात. ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला म्हणून कॅमेऱ्यात ३ अँपिअर घुसत नाहीत.

मी शेवटी १२ व्होल्टच्या अडॅप्टरपुढे एक बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट) लावला आणि स्क्रू फिरवून ७.८ व्होल्टवर आणला. बॅटरीवर ७.४ (तिचं सरासरी व्होल्टेज) लिहिलेलं असताना थोडं जास्त का? वायरमुळे. जाण्यायेण्याच्या वायरीचा रोध मिळून ०.३ ओहम असला तरी २ अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात. त्यामुळे वायर जाड आणि आखूड घ्या, ठोकळ्याजवळ करंटची क्षणिक मागणी भागवायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडा विद्युतभार साठवणारा भाग) टाका, आणि मल्टिमीटर अडॅप्टरपाशी नको, ठोकळ्याच्या पट्ट्यांवर धरा. धन-ऋण टोकं तेव्हाच तपासून घ्या, कॅमेऱ्यात घातल्यावर नव्हे.

जुना, हाताला जड लागणारा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर अडगळीत सापडला तर जरा जपून. त्यात रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नसेल तर ६ व्होल्ट लिहिलेला अडॅप्टर भार नसताना ८-९ व्होल्टही दाखवतो. काही कॅमेरे बॅटरीचं तिसरं टोकही तपासतात. अशा कॅमेऱ्यात लाकडी ठोकळा चालत नाही, त्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली तयार डमी (नकली) बॅटरीच घ्यावी लागते.

माझ्या घोळात लेन्स अडकण्यापलीकडे काही बिघडलं नाही. बॅटरी काढून पुन्हा घातली, लेन्स आत गेली. उलटा घोळ मात्र करू नका. अडॅप्टरच्या वायरी थेट लिथियम बॅटरीला लावल्या तर करंट आवरणारं आणि वेळेवर थांबवणारं मध्ये कुणीच नसतं. बॅटरी फुगते, तापते, पेटूही शकते.