शेती संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना: रिन्यू करणं, पत्ता बदलणं, वडिलांची बंदूक नावावर करणं, काय काय लागतं

आमच्या सिंधुदुर्गात अजूनही वाडीत एखाद्या घरी शेती संरक्षणाची बंदूक असतेच, बहुतेक ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची), आणि सोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं परवान्याचं पुस्तक. बंदुकीला तेलपाणी वेळेवर होतं पण पुस्तकातली शेवटची तारीख कोणी बघत नाही. माझ्या काकांचं हेच झालं. भातात डुकरं शिरली म्हणून रात्री एक बार काढायला बंदूक खाली घेतली, सकाळी सहज पुस्तक उघडलं तर मुदत संपून चार महिने झालेले. सत्तरीला आलेला माणूस, आयुष्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी चढला नाही, त्या दिवशी त्याचे हात थरथरत होते. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी महत्त्वाचं. मुदत संपल्यावर बंदूक घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, तुम्ही बार काढलात की नाही याचा काही संबंध नाही. तारीख उलटली असेल तर उद्या परवा न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे बंदूक जमा करा, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्येच तशी सोय आहे. जमा केल्याची पावती घ्या आणि पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून बघा. आम्ही काकांची तशीच जमा केली आणि मग पुढच्या कागदांना लागलो.

आता मुदतीचं. पूर्वी परवाना ३ वर्षांचा असायचा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षांचा झाला. त्यामुळे जुन्या लोकांच्या डोक्यात ३ असतं, पोरांच्या डोक्यात ५, आणि खरी तारीख मात्र शेवटच्या शिक्क्याखाली लिहिलेली असते, तीच धरायची. त्याच दुरुस्तीत एका माणसाकडे जास्तीत जास्त २ बंदुका असं झालं, आधी ३ चालायच्या. वारशाने आलेलीसुद्धा या दोनातच मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रिन्यूचा अर्ज शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नमुना ए-३ मध्ये, आणि मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी. मी तर म्हणतो तीन महिने आधीच सुरू करा कारण अर्ज पोलीस रिपोर्टसाठी खाली ठाण्यात येतो आणि परत वर जातो, मध्ये गणपती आले की पंधरा दिवस तसेच जातात. अर्ज कुठे द्यायचा तर पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसला, शक्यतो गृह शाखेत. शेती संरक्षणाच्या परवान्याचं काम काही वेळा खालच्या ऑफिसला दिलेलं असतं, म्हणून पुस्तकावर शेवटचा शिक्का कोणाचा आहे ते बघून तिथेच आधी चौकशी करा, जिल्ह्याच्या मुख्यालयाचा, म्हणजे ओरोसचा, फुकटचा हेलपाटा वाचेल.

कागद असे: मूळ परवाना पुस्तक आणि सगळ्या पानांची झेरॉक्स, आधार, फोटो, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, फी भरल्याचं चलन, आणि शेती संरक्षणाचा असेल तर चालू सातबारा. सातबाऱ्यावर सामायिक नावं असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्र आधीच करून ठेवा, तिथे हमखास अडतं. फी बंदुकीच्या प्रकारावर असते, ती शाखेत विचारूनच चलन काढा. अजून एक, परवान्याला यूआयएन म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख नंबर पाहिजेच, एनडीएएल-एलिस या केंद्राच्या पोर्टलवर त्याची नोंद असते. पुस्तकावर तो नंबर नसेल तर रिन्यूच्या आधी ते काम काढा, नाहीतर अर्ज पुढे सरकणार नाही.

आणि बंदूक दाखवायला न्यावी लागते, भरलेली नाही अर्थातच, नळी रिकामी आहे याची खात्री करून, कापडात किंवा कव्हरात गुंडाळून आणि परवाना सोबत ठेवून. काकांच्या वेळी इथेच घोळ झाला. नळीवरचा नंबर गंजाने भरून गेला होता, पुस्तकात शेवटचा आकडा ३ आणि नळीवर तो ८ वाचला जात होता. मग खोबरेल तेल लावून जुन्या धोतराच्या फडक्याने अर्धा तास घासलं, तिरप्या उजेडात धरलं, तेव्हा ३ दिसला. हे घरी करून जा, पन्नास साठ वर्षं जुन्या नळीला आवर्जून.

पत्ता बदलला आणि बंदूक बरोबर नेली तर ३० दिवसांत नवीन आणि जुन्या दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवायचं. पुस्तक हरवलं, वाळवीने खाल्लं, पुरात गेलं तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि डुप्लिकेटचा अर्ज. जुनी झेरॉक्स असेल तर निम्मं काम झालंच, म्हणून आजच मोबाईलमध्ये सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

वडिलांच्या नावची बंदूक मुलाच्या नावावर करायला वडील वारलेलेच असायला हवेत असं नाही. वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल तरी वारसाला अर्ज करता येतो. मुलाचं वय २१ पूर्ण पाहिजे, त्याला स्वतःचा परवाना लागतो, आणि बाकी वारसांची ना हरकत. वडील वारले असतील तर मात्र बंदूक आधी जमा करा, बारावं तेरावं होईपर्यंत थांबू नका. दुःखात हे कोणाला सुचत नाही हे मला कळतं, पण घरातल्या एकाने हे बघायलाच हवं.

परवाना किती भागापुरता आहे तेही वाचा. बांद्यापलीकडे गोवा लागतं, फक्त जिल्ह्यापुरता परवाना असेल तर बंदूक सीमेवरच्या पत्रादेवीच्या पुढे नेता येत नाही. आणि शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. गव्याला तर हात लावायचाच नाही, डुकराबाबतही वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा, कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, तो अपिलात जरूर लिहा.

राहिली निवडणूक. आचारसंहिता लागली की जमा करायची नोटीस येते आणि नेमकं पीक उभं असतं. मुंबई हायकोर्टाने २००९ मध्ये सांगितलंय की सरसकट सगळ्यांची जमा करून घ्यायची नाही, छाननी समितीने प्रत्येकाचं बघायचं. त्यामुळे नोटीस आली की सातबारा आणि पीक पाहणीची नोंद जोडून सूट मिळावी असा अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या. सूट नाही मिळाली तर वेळेत जमा करा, आणि परत आणताना ठाण्यातच पावतीवरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळवून बघा, एकाच खोलीत तशा ठासणीच्या पन्नास बंदुका उभ्या असतात.