गुणांच्या शेजारी लिहिलेला शेरा

तपासलेल्या पेपरवर शिक्षक दोन गोष्टी लिहितात: गुण आणि शेरा. या दोहोंचा मुलांवर होणारा परिणाम वेगवेगळा करून पाहण्याचा प्रयत्न इस्राएलमधील मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी केला आणि त्याचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचवी-सहावीच्या १३२ मुलांपैकी काहींना केवळ गुण, काहींना केवळ शेरा आणि उरलेल्यांना दोन्ही देण्यात आले. शेरा जेमतेम एका वाक्याचा होता. मुलाला काय साधले आणि पुढे काय करून पाहता येईल, एवढेच त्यात असे. केवळ शेरा मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले आणि वर्गात पुढे असलेल्या व मागे पडलेल्या, दोन्ही प्रकारच्या मुलांची गोडी टिकून राहिली. गुण मिळालेल्यांपैकी मागे पडलेल्या मुलांची गोडी मात्र ओसरली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिसरा गट. गुणांच्या जोडीला मार्गदर्शन मिळाल्यामुळे हा गट सर्वांच्या पुढे जाईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो केवळ गुण मिळालेल्या गटाच्याच वाटेने गेला. शिक्षकाने कष्टाने लिहिलेले ते वाक्य शेजारच्या आकड्यामुळे निष्प्रभ ठरले होते.

असे का व्हावे? शेरा कामाविषयी बोलतो, तर गुण पाहताच मूल स्वतःविषयी विचार करू लागते: मी कितवा, बाकाशेजारच्याला किती, घरी काय सांगू? क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांची सहाशेहून अधिक मोजमापे एकत्र तपासली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावल्याचे आढळले. लक्ष कामावरून हटून स्वतःकडे वळते तेव्हा अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्थात, प्रत्येकाला सारखीच झळ बसत नाही. अमेरिकेत जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या रोजच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ज्यांनी आपली किंमत अभ्यासातील यशावरच ठरवली होती, त्यांचा आत्मसन्मान कमी गुण मिळालेल्या दिवशी अधिक घसरलेला दिसला.

ज्या आकड्यावर मूल स्वतःला तोलते, तो आकडा तरी किती पक्का असतो? स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीचा एकच पेपर अनेक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतला. परत आलेल्या १४२ निकालांत त्याला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले होते.

महाराष्ट्रातील शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे मुलांची प्रगती वर्षभर आणि सर्व अंगांनी पाहण्याच्या पद्धतीत, वर्णनात्मक नोंदींना जागा मिळाली, ही बटलर यांच्या निष्कर्षांशी जुळणारी गोष्ट होती. पण मोठा वर्ग आणि वेळेची ओढाताण यांमुळे त्या नोंदी पुष्कळदा तयार यादीतून उतरवल्या जातात. ‘अभ्यासात प्रगती चांगली’ हे वाक्य वर्गातल्या कोणत्याही मुलाला लागू पडते; ‘हातचा घ्यायला विसरतोस, बाकी वजाबाकीची रीत बरोबर आहे’ हे वाक्य त्या मुलाची वही उघडल्याशिवाय लिहिता येत नाही.