टॉर्चला पत्ता कशाला हवा?

फोनचा दिवा लावायचा आणि विझवायचा, 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' या फुकट अँड्रॉइड ॲपला काम ते एवढंच. तेव्हा बऱ्याच फोनांत टॉर्चचं बटण नसायचं, त्यामुळे कोट्यवधी लोकांनी ते घेतलं. डिसेंबर २०१३ मध्ये ग्राहकांचं हित राखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते बनवणाऱ्या कंपनीवर ठपका ठेवला. दिवा लावणाऱ्याचं नेमकं लोकेशन आणि त्याच्या फोनची ओळख पटवणारा क्रमांक जाहिरातवाल्यांच्या हाती जात होता. पहिल्यांदा ॲप उघडताना अटी दिसत, खाली स्वीकाराचं आणि नकाराचं अशी दोन बटणंही असत. पण बोट त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच माहिती रवाना झालेली असे!

अशी गोष्ट ऐकली की आपण लोकेशन मागणाऱ्या प्रत्येक ॲपकडे संशयाने बघू लागतो. तिथेच फसगत होते. अँड्रॉइड ६ पासून काही वर्षं मनगटावरचा फिटनेस बँड जोडायला गेलं, की त्याचं ॲप लोकेशन मागायचं. बँडला आपला पत्ता कशाला? पण कारण खरं होतं. ब्लूटूथने आसपासची उपकरणं शोधताना मॉलमध्ये किंवा विमानतळावर कायमची बसवलेली, सतत सिग्नल सोडणारी बीकन यंत्रंही सापडतात आणि त्यांच्यावरून माणूस कुठे उभा आहे ते काढता येतं. म्हणून ब्लूटूथचा शोध लोकेशनच्या परवानगीला बांधलेला होता. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये त्यासाठी 'जवळपासची डिव्हाइस' ही वेगळी परवानगी आली.

म्हणजे लबाड टॉर्च आणि सरळमार्गी बँड, दोघांची मागणी एकच. फोन काय हवंय ते सांगतो. कशासाठी, हे फक्त ॲप बनवणाऱ्या डेव्हलपरला ठाऊक. आयफोनमध्ये २०१६ पासून अशा मागणीसोबत कारणाची ओळ लिहावीच लागते, नाही लिहिली तर ॲप बंद पडतं. पण ओळीत काय लिहायचं ते पुन्हा डेव्हलपरच ठरवतो. 'उत्तम अनुभवासाठी' असं लिहूनही काहींचं भागतं.

आत काय चालतं तेही बघू. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत राहतं, एकाला दुसऱ्याच्या फाइल दिसत नाहीत. परवानगी दिली की कॅमेऱ्याचं किंवा कॉन्टॅक्टचं दार उघडतं. मात्र माहिती बाहेर नेणारं दार, म्हणजे इंटरनेट, ॲपला न विचारताच मिळतं. त्यासाठी परवानगी विचारणारी कुठलीही खिडकी उघडत नाही. शिवाय ॲपच्या पोटात जाहिरातींसाठी, आकडेवारीसाठी दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड असतो, त्याला एसडीके म्हणतात. ॲपला मिळालेली परवानगी त्यालाही आपोआप लागू होते. भाडेकरूला किल्ली द्यावी आणि त्याच्या चार पाहुण्यांनीही ती वापरावी, तसं. यातला कोणता पाहुणा काय उचलतो, हे कित्येकदा डेव्हलपरनेही तपासलेलं नसतं. २०२२ पासून प्ले स्टोअरवर 'डेटाची सुरक्षितता' हा रकाना दिसतो, पण तो भरतो डेव्हलपरच.

कर्जाच्या ॲपनी आपल्याकडे याचा कडेलोट केला. हप्ता चुकला की कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या मामा-मावशींना धमकीचे फोन! रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये या ॲपना कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि फाइलींना हात लावायला मनाई केली.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात तर असं उदाहरणच दिलंय. डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि बाईंनी 'हो' म्हटलं, तरी त्या कामाला ती यादी लागत नाही, म्हणून तेवढ्यापुरता होकार धरला जाणार नाही. होकार मागताना भाषा सोपी हवी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. त्यात मराठी आली, कोंकणीही आली.

मराठीत ते लिहायला फार जागा लागत नाही. हवामानाच्या ॲपने एवढं म्हटलं तरी पुरे: 'तुमच्या गावात पाऊस कधी पडेल ते सांगायला लोकेशन लागतं. ते आमच्या सर्व्हरवर जातं, जाहिरातवाल्यांना देत नाही. द्यायचं नसेल तर गावाचं नाव टाइप करा.'