पूर ओसरल्यावर सरकारी मदत: पंचनामा, पात्रता आणि कागदपत्रे

पाणी ओसरलं की पहिला हात खराट्याकडे जातो. साहजिकच आहे, पण चिखल उपसण्याआधी तासभर थांबा. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते, तिचे फोटो काढा. भिजलेलं धान्य, तडे गेलेल्या भिंती, वाकलेले पत्रे, सगळं आहे त्या जागी टिपून ठेवा. घर लख्ख झाल्यावर पाहणीला आलेल्या सरकारी माणसाला नुकसान दाखवणार कसं?

महाराष्ट्रात या मदतीचा पाया म्हणजे पंचनामा, म्हणजे नुकसानीची जागेवर केलेली लेखी नोंद. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि शेतीसाठी कृषी सहाय्यक (आताचे सहाय्यक कृषी अधिकारी) तो करतात. आपल्या दारी कोणी आलंच नाही, तर तहसीलदारांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ही पोच फार मोलाची आहे. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही. सही करण्याआधी पंचनामा वाचा. नाव, गट क्रमांक, क्षेत्र बरोबर आहे ना ते बघा.

२०२२ ते २०२६ साठी केंद्राने ठरवलेल्या निकषांनुसार मृताच्या वारसांना ४ लाख, सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडल्यास १ लाख २० हजार, दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये. पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के हवं. जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये. राज्य सरकार वेळोवेळी यात वाढ करतं, म्हणून चालू शासन निर्णय तहसील कार्यालयात विचारून घ्या.

याच निकषांत कपडे आणि भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपये कुटुंबाला आहेत. घर वाहून गेलेलं किंवा पूर्ण पडलेलं असावं, नाहीतर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असावं, अशी अट आहे. मात्र दोन दिवसांची अट राज्याने काही वेळा शिथिल केली आहे, तेव्हा पाणी एकच दिवस होतं म्हणून गप्प बसू नका. ही मदत घराच्या मालकीसाठी नसते, त्यामुळे भाडेकरूंनीही भाडेकरार दाखवून नोंदीचा आग्रह धरावा.

आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक, घराचा उतारा किंवा सातबारा लागतो. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा. जनावर दगावलं तर घाईने पुरू नका. आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा, कारण त्यांच्या दाखल्यावर सारं अवलंबून असतं. कागद वाहून गेले असतील तर ई-आधार आणि डिजिटल सातबारा पुन्हा काढता येतो.

पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. मदतीच्या लाभार्थी यादीत नावासमोर विशिष्ट क्रमांक असेल, तर तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) करा. यादीत नाव असूनही पैसे अडकतात ते बहुतेक इथेच: खातं आधारला जोडलेलं नाही, किंवा अंगठा दिलेला नाही.

पाणी अजून चढत असेल तर हे सगळं नंतर. ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा आणि माणसं बाहेर काढा.